सुरूच्या सावलीत हरवलेली मर्यादवेल

नववीच्या उर्दूच्या तासाला गझलेतली प्रतीकं शिकवत होतो. गुल, बुलबुल, शमा, परवाना झाले आणि 'सर्व' आला. माशूकचा उंच, सडपातळ बांधा सांगायचा तर उर्दू शायर 'सर्वक़द' म्हणतो. 'सर्व' म्हणजे इराणच्या बागांतला सरळसोट उंच वृक्ष, तो आपल्याकडे होत नाही, एवढं सांगून मी पुढे निघालो होतो. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचं घर किनाऱ्याला लागून आहे. म्हणाला, "सर, सर्व म्हणजे आपला सुरूच ना? समुद्रावरचा?"

मुलगा अर्धा बरोबर होता. फारसीतला 'सर्व' उर्दू बोलण्यात 'सरो' झाला आणि मराठीत 'सुरू'. पण शब्द इराणातून आला आणि झाड भलतीकडून. कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला आपण सुरू म्हणतो, तो इराणी सर्वाच्या जातकुळीतलाच नाही. त्याचं शास्त्रीय नाव कॅझुरिना इक्विसेटिफोलिया. ऑस्ट्रेलिया, आग्नेय आशिया आणि पॅसिफिकची बेटं हे त्याचं माहेर. भारतापुरतं बोलायचं तर अंदमानात तो आपोआप उगवतो, मुख्य भूमीवर मात्र माणसाने आणला. लांबून पाहिलं तर उंच, निमुळता, हिरवट करडा. कुणाला तरी सर्वाची आठवण झाली असणार आणि नाव चिकटलं. नाव ओळखीचं असलं की वस्तूही आपलीच वाटायला लागते. आज कोकणातल्या शंभर माणसांना किनाऱ्याचं झाड विचारा, नव्वद जण नारळ आणि सुरू सांगतील. मीही तेच सांगितलं असतं.

माझ्या या समजाला पहिला धक्का बसला तो ३ जून २०२० रोजी. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. दापोली, मंडणगड, मुरूड, अलिबाग या भागात नारळी-पोफळीच्या पिढीजात वाड्या एका दुपारीत झोपल्या. त्यांचं दुःख मोठंच होतं, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं. माझ्या डोळ्यांत राहिलं ते दुसरंच. वादळानंतर काही दिवसांनी मी आजोळी गेलो. तिथे सुरूचं बन आहे, म्हणजे होतं. सातवीत असताना, १९९२ साली, शाळेच्या वनमहोत्सवात त्यातल्या एका रांगेत आम्ही रोपं लावली होती. ती झाडं मुळांसकट आडवी पडलेली. मुळं ताटलीसारखी पसरट, उथळ, आणि प्रत्येक ताटलीबरोबर वाळूचा मोठा लगदा उपटून आलेला. बनाच्या समुद्राकडच्या कडेला वाळू सुरीने कापावी तशी उभी तुटलेली. बनाच्या दक्षिणेला, जिथे कुणी काही लावलं नव्हतं, तिथे जांभळ्या फुलांची एक वेल जमिनीला चिकटून पसरलेली होती. तिच्याखालची वाळूची उतरती उशी मात्र बरीचशी जागेवर होती.

एका किनाऱ्यावर एकदा पाहिलेल्या गोष्टीवरून सिद्धांत मांडू नये, हे बी.एड.ला शिकलो आहे. म्हणून मी वाचायला घेतलं.

ती वेल म्हणजे मर्यादवेल. समुद्राने आपली मर्यादा ओलांडू नये म्हणून उभी असलेली वेल. हे नाव ठेवणाऱ्या माणसाला वनस्पतिशास्त्राची पदवी नसेल, पण किनारा कळत होता. तिचं पान आपट्याच्या पानासारखं, मधोमध दुभंगलेलं. लिनियसला त्यात बकरीचा खूर दिसला आणि १७५३ मध्ये त्याने तिच्या नावात 'पेस-काप्रे' म्हणजे बकरीचा पाय घातला. त्याच्या आधी पाऊणशे वर्षं ही वेल एका ग्रंथात चितारली जात होती. कोचीचा डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याने तयार करवलेला 'हॉर्टस मलबारिकस' हा तो ग्रंथ. १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला. केरळचे वैद्य इट्टी अच्युतन यांच्या ज्ञानावर तो उभा आहे हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन कोंकणी पंडितांचाही हात होता आणि त्यांचं प्रशस्तिपत्र पहिल्या खंडात कोंकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेलं आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. सतराव्या शतकात युरोपात छापलेल्या नागरी ओळी! भाषेच्या शिक्षकाला याचं कौतुक वाटणारच. विषयाकडे परत येतो.

मर्यादवेल एकटी नसते. ती एका बागेची पहिली ओळ असते, आणि ही बाग कुणी न लावता लागलेली असते. भरतीच्या रेषेपासून थोडं वर, जिथे वाळू कोरडी पडते आणि वारा ती उचलतो, तिथे ही वेल दोर टाकल्यासारखी पसरते. एकेक दोर कित्येक मीटर लांब. प्रत्येक पेराला मुळं फुटतात. उडणारी वाळू पानांना अडते, खाली पडते, वेल गाडली जाते. आणि गाडली गेली की मरायच्या ऐवजी वर येते. पुन्हा वाळू, पुन्हा वर. अशी वाळूची टेकडी तयार होते. तिच्या सोबतीला एक धारदार, ताठ गवत असतं, स्पिनिफेक्स. तमिळनाडूत त्याला रावणाची मिशी म्हणतात. मादी झाडाला काट्यांचा गोल चेंडू येतो, तो पिकला की सुटतो आणि वाऱ्यावर वाळूतून टणाटण पळत जातो. लहानपणी आम्ही त्याच्या मागे धावायचो. ते बी आहे, ते आपली जागा शोधायला निघालंय, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. मर्यादवेलीचं बी तर समुद्रात महिनोन् महिने तरंगतं आणि दुसऱ्या किनाऱ्याला जाऊन रुजतं. म्हणून ही वेल जगातल्या जवळजवळ सगळ्या उष्ण किनाऱ्यांवर आहे.

या पहिल्या ओळीच्या मागे, वारा आणि खार थोडे कमी झाल्यावर, झुडपं येतात: समुद्राकाठची निगडी, कोयनेल, केवडा. त्यांच्या मागे झाडं: करंज, भेंड, उंडी. पुढची ओळ मागच्या ओळीला सांभाळते. समुद्रावरून येणारा खारा वारा या चढत्या पायऱ्यांवरून वर ढकलला जातो आणि मागच्या वाडीवर त्याचा मार कमी बसतो. वाऱ्याला भिंत घालून थांबवण्यापेक्षा उतार देऊन उचलणं, असा हा सगळा हिशेब आहे.

आणि ही बाग निव्वळ शोभेची नव्हती. माझी नानी उंडीच्या तेलाबद्दल बोलायची. तिच्या लहानपणी त्या कडू तेलावर दिवा जळायचा, धूर व्हायचा, डोळे चुरचुरायचे. उंडीचं लाकूड होडीला चालतं, तेल होडीच्या लाकडाला आणि दुखऱ्या सांध्यालाही. भेंडीचं लाकूड गाडीच्या चाकाला. केवड्याची पानं चटयांना आणि त्याचा अर्क थेट आमच्या दस्तरख्वानावर. बिर्याणी आणि शीरखुर्म्यात केवड्याचा वास दरवळतो तेव्हा तो समुद्रकाठच्या झुडपाचा वास आहे हे किती जणांच्या ध्यानात येतं? म्हणजे किनारा ओसाड नव्हता. तिथलं उत्पन्न ज्यांच्या हातात जायचं ती माणसं कागदावर नव्हती, इतकंच.

वाळूची टेकडी किती जुनी गोष्ट सांभाळून ठेवू शकते हे पाहायचं असेल तर दापोली तालुक्यातलं केळशी बघावं. भारजा नदी समुद्राला मिळते तिथे वाळूची मोठी टेकडी आहे. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला. थरांत मातीच्या भांड्यांची खापरं, मनुष्यवस्तीच्या खुणा मिळाल्या. त्यांचा तर्क असा की ही टेकडी एका मोठ्या समुद्री लाटेने, त्सुनामीने, आणून टाकली असावी. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामाचं आरमार दाभोळजवळ असताना वारा नसताना समुद्र खवळला, जहाजं हादरली, अशी पोर्तुगीज नोंद आहे. तिच्याशी या टेकडीचा संबंध जोडला गेला. सगळ्या संशोधकांना हे पटलेलं नाही, वाद चालू आहे. मला त्या वादात पडण्याचा अधिकार नाही. पण ज्या वाळूला आपण ट्रॅक्टरने भरून नेण्याची वस्तू समजतो, तिच्या पोटात पाचशे वर्षांचा कागद गुंडाळून ठेवलेला असू शकतो, हे केळशीने मला शिकवलं. त्याच केळशीत बाबा याकूत यांचा दर्गा आहे. शिवाजी महाराज ज्यांचा आदर करत त्या सूफी बाबांचा. उरुसाला येणारे हजारो लोक त्या टेकडीजवळून जातात. दर्ग्याचा इतिहास आम्ही मुलांना सांगतो. टेकडीचा सांगत नाही.

मग ही बाग गेली कुठे? याचं उत्तर शोधताना मी कोकणातून थेट फ्रान्सला जाऊन पोचलो.

फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर लाँद नावाचा प्रदेश आहे. तिथे वाळूच्या टेकड्या आत सरकत आणि गावं, चर्चं गाडत. १७८७ च्या सुमारास ब्रेमोंतिए या अभियंत्याने तिथे पाइनचं बी पेरून, वर फांद्यांचं आच्छादन घालून वाळू जागेवर खिळवली. त्याच्या आधी स्थानिक लोकांनी असे प्रयोग केले होते, पण श्रेय सरकारी अभियंत्याला गेलं. यात नवल नाही. पुढे १८५७ मध्ये कायदाच झाला: तिथल्या गावांनी आपल्या दलदलीच्या सामाईक जमिनी कोरड्या करून झाडं लावावीत. लाकूड, राळ, पैसा मिळाला. मात्र त्या मोकळ्या रानावर उंच काठ्यांवर चालत मेंढ्या राखणारे धनगर हळूहळू संपले. त्यांची चराई वन झाली होती.

लाँदचा हा प्रयोग एकोणिसाव्या शतकातल्या वनशास्त्राचा अभिमान होता. त्यातून एक विचार पक्का झाला: हलणारी वाळू म्हणजे शत्रू, मोकळा किनारा म्हणजे पडीक जमीन, आणि इलाज म्हणजे एकाच जातीच्या उंच झाडांची शिस्तबद्ध रांग. ब्रिटिश सरकार १८६७ पासून हिंदुस्थानच्या वनखात्यासाठी निवडलेल्या तरुणांना फ्रान्समधल्या नान्सीच्या वनविद्यालयात शिकायला पाठवू लागलं. विचार बोटीतून इकडे आला तो असा. दोष कुणा एका साहेबाला देता येत नाही. अलेक्झांडर गिब्सनसारखे लोक याच मुंबई इलाख्यात होते. १८४७ मध्ये इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झालेले गिब्सन इथल्या वनस्पती नीट ओळखत होते. १८६१ च्या 'बॉम्बे फ्लोरा'वर डॅल्झेलबरोबर त्यांचंही नाव आहे. कोणती वेल कुठे उगवते ही माहिती सरकारच्या कपाटात होतीच. पण कपाटातली माहिती आणि टेबलावरचा हुकूम यांची भेट नेहमी होतेच असं नाही, हे सरकारी परिपत्रकं वाचणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला सांगायला नको.

१८६८ च्या सुमारास कारवारला सुरूची लागवड सुरू झाली. उत्तर कानडा जिल्हा १८६२ मध्ये मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला होता, तेव्हा हा आपल्याच इलाख्याचा इतिहास. कारण होतं जळण. दक्षिणेत आगगाडीची इंजिनं लाकूड खात होती, शहरांच्या चुली वेगळ्याच. सुरू भराभर वाढतो, निकृष्ट वाळूत तगतो, त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र धरतात आणि त्याचं लाकूड कडक जळतं. जळणासाठी याहून चांगलं झाड शोधून सापडलं नसतं. १८८० च्या दशकात तरुण रवींद्रनाथ टागोर आपल्या न्यायाधीश भावाकडे कारवारला राहिले. त्यांच्या आठवणींत चंद्रकोरीसारख्या किनाऱ्याबरोबर सुरूचं बनही आहे. ते बन तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांचं असेल. कवीला ते किनाऱ्याइतकंच सनातन वाटलं असावं. एका पिढीत परकं झाड देखाव्याचा भाग होतं, दुसऱ्या पिढीत आठवणीचा, आणि तिसऱ्या पिढीत कुणी ते काढायचं म्हटलं तर लोक म्हणतात, आमच्या वाडवडिलांच्या वेळचं आहे.

स्वातंत्र्यानंतर कारण बदललं, झाड तेच राहिलं. १९५० मध्ये कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला. पुढे सामाजिक वनीकरण आलं. रोपवाटिकेत सुरू स्वस्त, जगण्याची टक्केवारी उत्तम, फोटोत हिरवा. आम्ही सातवीच्या मुलांनी लावला तो याच ओघात. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर जागतिक मदतीतून सुरूच्या मोठ्या लागवडी झाल्या. त्यांना 'जैविक ढाल' असं भारदस्त नाव मिळालं. काही ठिकाणी त्यासाठी मूळच्या वाळूच्या टेकड्या सपाट केल्या गेल्या, म्हणजे असलेली ढाल काढून नवीन लावली. यावर पर्यावरण अभ्यासकांनी पुढे कडक शब्दांत लिहिलं.

सुरूची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी खटला होईल. सुरूने सावली दिली, गरिबाच्या घराला वासे दिले, चुलीला जळण दिलं, आणि वस्तीच्या मागे वारा अडवणारी रांग म्हणून तो काही ठिकाणी उपयोगी आहे. तक्रार झाडाबद्दल नाही, जागेबद्दल आहे. भरतीच्या रेषेलगत तो लावला की त्याच्या सुयांचा जाड थर वाळूवर बसतो. (त्या खरं म्हणजे सुया नाहीत, बारीक फांद्या आहेत, पानं म्हणजे त्यांच्या सांध्यावरचे डोळ्यांना न दिसणारे खवले. मुलांना भिंगातून दाखवा, खूश होतात.) त्या थरातून मर्यादवेल उगवत नाही, सावलीत टिकत नाही. उतार जातो, उभा कडा येतो. लाट उताराला थकते. कड्याला खालून खाते, आणि झाड वाळूसकट खाली येतं.

यात माणसाखेरीज आणखी एक फिर्यादी आहे. ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री भरतीच्या वर येऊन मोकळ्या वाळूत खड्डा करते आणि शंभराच्या आसपास अंडी घालते. तिला कडा चढता येत नाही, मुळांच्या जाळ्यात खड्डा करता येत नाही. अंड्यातून नर निघणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरतं. गार वाळूत नर जास्त. म्हणजे दाट सावली त्या घरट्याचं भविष्यच बदलते. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन कासवांचं काम उभं केलं. ज्या गावात अंडी खाल्ली-विकली जात होती तिथे लोक आता पिल्लं समुद्रात जाताना पाहायला मुंबई-पुण्याहून येतात. हे मोठंच काम. पण अंडी कुंपणात जपली तरी किनारा जपावाच लागतो, कारण मादीला पुढच्या वर्षी उतरायला जागा हवी.

ज्या चुका पसरल्या तशी दुरुस्तीही कुठे कुठे झाली. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को हे शहर बरंचसं वाळूच्या टेकड्यांवर वसलं आहे. १८७० च्या दशकात विल्यम हॅमंड हॉल याने तिथे गोल्डन गेट पार्क उभारताना जव, ल्युपिन आणि युरोपातलं वाळूगवत लावून वाळू बसवली. लाँदचाच धडा. बाग जगप्रसिद्ध झाली, शहर पसरलं, आणि त्या टेकड्यांवरच जगणारं झर्सीस ब्लू नावाचं चिमुकलं निळं फुलपाखरू १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला कायमचं नाहीसं झालं. त्याच शहरात क्रिसी फील्ड ही लष्कराची जुनी धावपट्टी होती. १९९० च्या दशकाच्या शेवटी तिथला डांबराचा थर उखडून मूळच्या वाळूच्या टेकड्या आणि अठरा एकरांची खाजण परत करायचं ठरलं. जवळच्याच किनाऱ्यांवरून बी गोळा केलं, रोपवाटिकेत एक लाखाहून जास्त स्थानिक रोपं वाढवली आणि हजारो स्वयंसेवकांनी, त्यात शाळेतली मुलंही होती, ती हाताने लावली. २००१ मध्ये ती जागा लोकांना खुली झाली. गेलेलं फुलपाखरू अर्थातच परत आलं नाही. पण बाग म्हणजे जे नाही ते आणून लावणं, हा अर्थ तिथे उलटा झाला.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं की भरतीरेषेपासून ५०० मीटरांत बांधकाम होऊ देऊ नका. त्यातूनच पुढे १९९१ ची किनारा नियमन अधिसूचना आली. २०१९ च्या अधिसूचनेतही वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सर्वांत संवेदनशील वर्गात आहेत. कागद भक्कम आहे.

आता आमची गोष्ट, जी इतिहासात बसत नाही, पण तिच्यामुळेच इतिहास वाचला. गावाचं नाव लिहीत नाही. २०२१ च्या जूनमध्ये तीसेक पावलं लांब आणि आठ पावलं रुंद अशा जागेत आम्ही मर्यादवेल लावायचं ठरवलं. मुलांनी हातभर लांबीची, तीन-चार पेरांची काडं आणली, दोन पेरं वाळूत तिरकी पुरली. जुलैच्या उधाणात सगळी गेली. एकसुद्धा राहिलं नाही. मी जागा मे महिन्यातली वाळू पाहून निवडली होती. कोकणात पावसाळी समुद्र किनाऱ्याची वाळू ओढून नेतो आणि हिवाळ्यात परत आणून टाकतो, ही गोष्ट पुस्तकात वाचून मला पाठ होती. जागा निवडताना आठवली नाही. किनाऱ्यावर जाळं विणत बसलेल्या चाचांनी ती रांग लावताना पाहिली होती. मी विचारलं, "चाचा, तेव्हाच का नाही सांगितलंत?" ते म्हणाले, "तुम्ही मास्तर. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

दुसऱ्या वर्षी जागा चाचांनी दाखवली. वाळलेल्या झावळ्या अर्ध्या पुरून आडव्या ओळी केल्या, म्हणजे हिवाळ्यातली उडती वाळू आधी त्यांना अडेल. मर्यादवेलीच्या टणक बिया पॉलिश पेपरवर घासून भिजत घातल्या. उंडीच्या फळांची कवचं हलक्या हाताने फोडून बी पिशव्यांत लावलं. कवचासकट पेरलं तर उगवायला फार वेळ घेतं. उत्साहाच्या भरात एका पालकाने ट्रॅक्टरभर लाल माती आणून ओतली. मला नको म्हणवलं नाही. त्या मातीतून टाकळा आणि रानमोडी असे उगवले की एक अख्खं वर्ष ते उपटण्यात गेलं. वाळूच्या झाडाला वाळूच लागते, चांगली माती त्याच्या शत्रूला लागते.

भांडणंही झाली. क्रिकेट खेळणाऱ्या पोरांची खेळपट्टी आमच्या जागेतून जात होती. होड्या ओढायला वाट हवी होती, मासळी सुकवायला मोकळी वाळू हवी होती. लाँदच्या धनगरांचं वाचलं नसतं तर मी कुंपण घालून मोकळा झालो असतो. मग मधोमध होडीची वाट सोडली, मासळीची जागा तशीच ठेवली, आणि बागेला तारेऐवजी काथ्याचा एक दोर लावला. वस्तीकडचा सुरू तोडायचा नाही असंही ठरलं. पडेल त्याच्या जागी उंडी आणि करंज लावायचे.

गेल्या डिसेंबरात पाहिलं, झावळ्या पूर्ण गाडल्या गेल्या आहेत. त्यांच्या जागी गुडघ्याएवढा उतार आहे आणि त्यावर जांभळी फुलं. वेलीच्या दोन-तीन फांद्या दोराखालून समुद्राकडे निघाल्या आहेत. क्रिकेटवाल्यांपैकी एकजण विचारायला आला, "सर, ह्या बाहेर आल्यात, छाटू का?" मी काही बोलायच्या आत चाचांनीच त्याला हाक मारली. मग दोघांनी मिळून खुंट्या उपटल्या आणि दोर दोन पावलं पुढे सरकवला.